धरण पाहावे पायी फिरून

शेतकरी बांधवांनो आणि गावचा कारभार पाहणाऱ्या मंडळींनो, एखाद्या रविवारी सकाळी अर्धा दिवस मोकळा काढा. मोटारसायकल घरी ठेवा, पायात चांगल्या वहाणा घाला आणि बोळिंज नाक्यावरून पायी निघा. आगाशी-विरार रस्त्याने स्टेशनकडे चला, पुलावरून रूळ ओलांडा, पूर्वेला फुलपाड्याची वाट धरा आणि जीवदानीच्या डोंगराजवळचे पापडखिंडीचे धरण दिसेपर्यंत चालत राहा. वाटेत चहा घ्यायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला शेतीची कामे पडली आहेत आणि हा गृहस्थ आम्हाला सहलीला पाठवतोय. तसे नाही. मोकळ्या हवेसाठी धरणाकाठी जाणारी शहरातली मंडळी पुष्कळ असतात. त्यांना हवा हवी असते, ती त्यांना मिळो. तुम्ही जायचे ते पाण्याचा हिशोब बघायला. बोळिंजच्या नळाला येणारे पाणी आणि डहाणू-पालघरकडच्या कालव्यावर उन्हाळी भात करणाऱ्या शेतकऱ्याला न मिळणारे पाणी, यांचे नाते काय ते या वाटेवर जितके उघड दिसते तितके अहवाल वाचून कळत नाही.

पहिली पाहणी नाक्यावरच करा. पश्चिमेला तोंड करून उभे राहिलात तर पुढे आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, उमराळे, राजोडी, सत्पाळे असा बागायती पट्टा. केळी, पानवेली, फुलझाडे, भाजीपाला यांचा. मागे वळलात तर इमारती. बोळिंज या दोघांच्या उंबऱ्यावर बसलेले गाव. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली आणि त्यानंतरही ती वाढतच गेली. याच बोळिंजला म्हाडाची काही हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि त्यातली हजारो घरे वर्षानुवर्षे विकली गेली नाहीत. कारणे अनेक होती, पण पाणी नाही हे एक मोठे कारण सांगितले जात होते. सूर्येचे वाढीव पाणी २०२३ च्या अखेरीपासून येऊ लागले आणि मग गिऱ्हाईक फिरकू लागले. म्हणजे भिंती आधी झाल्या, पाणी नंतर शोधले गेले. शेतकरी आधी विहिरीला पाणी लागते का ते बघतो आणि मग बागेचा विचार करतो. शहराची रीत उलटी.

बावखलाची गोष्ट

पूर्वेकडे निघण्याआधी पश्चिमेच्या एखाद्या जुन्या वाडीत डोकावून या. वाडीच्या सखल कोपऱ्यात एक मोठा खोदीव खळगा दिसेल. उतरायला एका बाजूने उतार, काठावर झाडी, पाण्यावर थोडे शेवाळ. हे बावखल. वसईकर बागायतदाराला त्याची ओळख करून द्यायला नको, पण वाड्या-मोखाड्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. पावसाळ्यात वाडीतले आणि शेजारचे पाणी यात उतरते, साठते आणि हळूहळू जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना पोचते. पूर्वी रहाटाने आणि पुढे पंपाने ते बागेला दिले गेले. मासळी मिळायची ती वेगळी. खोदताना निघालेल्या मातीने वाडीची पातळी उंचावून घ्यायची, असा दुहेरी हिशोब त्यात होता. कुठल्या सरकारी योजनेत हे बसत नव्हते आणि कुणी त्याचे उद्घाटनही केले नाही.

याची किंमत नीट समजून घ्यायची तर जमिनीखालचे गणित थोडे बघावे लागेल. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, तेलाचा तवंग पाण्यावर तरंगावा तसे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते, असे भूजलशास्त्राचे ढोबळ सूत्र आहे. याचा अर्थ उलट बाजूनेही लावून बघा. उपसा करून पातळी एक फूट खाली आणलीत की खालून खारे पाणी चाळीस फूट वर यायला वाट मोकळी झाली. एका वर्षात हे घडत नाही. पण घडले की केळीची पाने कडेने करपू लागतात आणि पानवेल मान टाकते. मग खत बदला, औषध बदला, काही उपयोग होत नाही.

म्हणूनच वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर नेण्याविरुद्ध इथली माणसे उठली. १९९० मध्ये सिडकोला या भागाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. टँकर आणि हिरवा पट्टा हे त्या लढ्याचे दोन मोठे विषय. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. टँकर अजून रस्त्यावर आहेत, हे नाक्यावर दहा मिनिटे उभे राहिलात तरी कळेल. बावखले मात्र कमी होत चालली. जागेला भाव आला, की सखल कोपरा म्हणजे वाया गेलेली जागा वाटू लागते. रात्री डबर येऊन पडते आणि सकाळी तिथे सपाट प्लॉट असतो. अलीकडे गिरीजच्या बाजूला तरुण मंडळींनी श्रमदानाने काही बावखले साफ केली, त्यांना शाबासकी दिली पाहिजे. पण साफ होणारी किती आणि बुजणारी किती, हा हिशोब तलाठी दप्तरात सापडणार नाही. बहुतेक बावखले खासगी वाडीत आहेत आणि सातबाऱ्यावर बावखल म्हणून त्यांची ओळख क्वचितच दिसते.

एक दशलक्ष लिटरची किंमत

आता पूर्वेला चला. स्टेशनची गर्दी मागे पडली आणि फुलपाडा आला की डोंगर जवळ दिसू लागतो. पापडखिंडीचे धरण आकाराने लहान. महापालिकेच्या पाण्याच्या हिशोबात वर्षानुवर्षे त्याच्या नावावर रोजचे १ दशलक्ष लिटर मांडले गेले. त्याच कागदावर पेल्हारचे १०, उसगावचे २० आणि सूर्येच्या जुन्या दोन टप्प्यांचे २०० दशलक्ष लिटर. शेजारी शेजारी लिहिले की पापडखिंडीचा आकडा पाहून हसूच येते. दोनशेपुढे एक! आणि हसू आले की पुढचा विचार ठरलेला: एवढ्याशा पाण्यासाठी ही छान जागा कशाला अडवायची, इथे बाग करा, चालायची वाट करा, दिवे लावा, नौका सोडा.

हसण्याआधी थोडे गणित करू. एक दशलक्ष लिटर म्हणजे दहा लाख लिटर. शहरासाठी दरडोई दरदिवशी १३५ लिटरचा निकष धरतात. त्या मापाने सात हजार चारशे माणसांचे पाणी झाले. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटरचे माप आहे. त्या मापाने अठरा हजार माणसांचे. (शहरातल्या माणसाला १३५ आणि गावातल्याला ५५ का, हा प्रश्न मनात आला असेल तर तो बरोबरच आहे. गावाकडच्या माणसाच्या गोठ्यात गाई-म्हशीही असतात.) आता शेतीच्या मापाने बघा. उन्हाळी भाताला लावणीपासून कापणीपर्यंत ढोबळमानाने सव्वा मीटर उंचीचे पाणी लागते असे धरू आणि चार महिने रोज एक दशलक्ष लिटर पाणी शेतापर्यंत पोचते असे समजू. साधारण दहा हेक्टर भात त्यावर निघतो. पंचवीस एकर. कालव्यातली गळती धरली तर कमी, पण तोंडात मारण्यासारखा आकडा नाही.

हे शेतीचे माप मी मुद्दाम लावले. कारण पापडखिंडीत जे पाणी आपण घालवतो, ते कुठून तरी भरून काढावे लागते, आणि ते सूर्येवरूनच भरून काढले जाते.

सूर्या प्रकल्पाची आठवण ज्येष्ठ वाचकांना असेल. जव्हार-विक्रमगडच्या डोंगरातून येणाऱ्या या नदीवर धामणीचे मोठे धरण आणि खाली कवडासचा उन्नेयी बंधारा झाला, तो डहाणू, विक्रमगड आणि पालघर भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी भिजवण्यासाठी. सिंचनाचे उद्दिष्ट चौदा हजार हेक्टरांहून अधिक होते. धामणीचा उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर. मग शहरांची तहान वाढत गेली. वसई-विरारला आधी १००, पुढे आणखी १०० दशलक्ष लिटर. त्यानंतर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची ४०३ दशलक्ष लिटरची योजना आली. तिच्यात वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८ असा वाटा. कवडासहून पाणी उचलायचे, सूर्यानगरला शुद्ध करायचे, मेंढवणचा डोंगर बोगद्याने पार करून काशिदकोपरपर्यंत आणायचे आणि पुढे तुंगारेश्वराच्या पोटातून आणखी एक बोगदा काढून मीरा-भाईंदरला न्यायचे. अभियंत्यांचे काम म्हणून बघितले तर कौतुक वाटावे असेच आहे.

पण बेरीज करा. जुने २०० आणि नवे ४०३, मिळून रोजचे ६०३ दशलक्ष लिटर. पावसाचे चार महिने सोडून देऊ, तेव्हा नदी वाहती असते. उरलेल्या आठ महिन्यांत हे पाणी साठ्यातून द्यायचे तर १४५ दशलक्ष घनमीटरच्या पुढे जाते. धामणीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून अधिक. पालघरचे पिण्याचे पाणी आणि तारापूरच्या कारखान्यांची मागणी यात धरलेली नाही, बाष्पीभवन धरलेले नाही. मग कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याने काय करायचे? एकट्या १८५ दशलक्ष लिटरचा वरच्याच मापाने हिशोब केलात तर साडेअठराशे हेक्टर उन्हाळी भाताचे पाणी होते.

शहराला पाणी देऊ नये असे माझे म्हणणे नाही. बोळिंजच्या सहाव्या मजल्यावर राहणारी बाई हंडा घेऊन टँकरमागे धावते तेव्हा तिच्याही घराचा प्रश्न असतो, आणि तिच्या घरातली माणसे कालपर्यंत कुठल्या तरी खेड्यातच होती. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, हे शेतकऱ्यालाही मान्य आहे. पण ज्या शहराने दुसऱ्याच्या शेताचे पाणी घेतले, त्याने आपल्या अंगणातले पाणी आधी जपले पाहिजे, एवढी अपेक्षा धरायला काय हरकत आहे? पापडखिंड एकटी काही सूर्येची जागा घेणार नाही. पापडखिंड, पेल्हार, उसगाव, गावोगावचे तलाव, बावखले आणि वाड्यांतल्या विहिरी यांचा एकत्र हिशोब मात्र मांडता येतो, आणि आजवर तो कुणी नीट मांडला नाही.

बाग करायची, पण कशी

बागेला माझा विरोध नाही. काठावर चार झाडे असावीत, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक असावेत, पोरांना पक्षी बघायला मिळावेत. गावातली बाया-माणसेही दिवसभराच्या कामानंतर काठावर बसलीच पाहिजेत. अडचण क्रमाची आहे. आधी पाणी, मग बाग. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी बाग होते.

मुंबईचे पवईचे उदाहरण बघा. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईला पाणी देण्यासाठी बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. मग ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला देण्यापुरते उरले. भोवती वस्ती आली, सांडपाणी आले, जलपर्णी आली. शेवटी तो फिरायला जाण्याचा तलाव झाला, आणि महापालिकेने काठाने सायकलची आणि चालण्याची वाट बांधायला घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते काम बेकायदा ठरवले, झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. पिण्याचे पाणी, मग कारखान्याचे पाणी, मग नुसता देखावा: तलावाची ही उतरंड पवईला दिसते. पापडखिंड त्या उतरंडीच्या कुठल्या पायरीवर आहे, ते तुम्ही स्वतः काठाने फिरून ठरवा. कुणी पाण्यात कपडे धुतो का, निर्माल्य कुठे पडते, डोंगरावरून येणाऱ्या ओहोळात वस्तीचे गटार मिसळते का. पाण्यात मात्र उतरू नका. अशा लहान धरणांत दरवर्षी पोरे बुडतात, आणि ती बहुधा पोहता येणारीच असतात.

पुराचा विचार तर कुणाच्या डोक्यातच नसतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते. रेल्वे बंद, वीज बंद, वसईच्या मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसे अडकली. त्यानंतर नेमलेल्या नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव करण्याची सूचना केली. म्हणजे कोट्यवधी रुपये खर्चून नवे तलाव खोदा! आणि जुने? दहा हेक्टरांच्या तलावात पावसाआधी एक मीटर जागा रिकामी असेल, तर पन्नास हेक्टरांवर एका दिवसात पडलेला दोनशे मिलिमीटर पाऊस त्यात मावतो. हे काम प्रत्येक गावतळे फुकट करत आले. त्याच्या भोवती सिमेंटची भिंत घातली, वर रेलिंग लावले आणि वाटेसाठी भराव टाकला की चारी बाजूंनी येणारे पाणी बाहेरच अडते. तळे कोरडे आणि शेजारची आळी पाण्यात, असा चमत्कार मग दिसू लागतो. सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात दिव्यांचे खांब मोजलेले असतात. पाणी आत येण्याच्या वाटा किती, हे मोजलेले मी तरी फारसे पाहिलेले नाही.

बांधावरून चालताना

आता आपल्या गावच्या तळ्याकडे वळू. वाचकांपैकी अनेकांच्या गावात लघुपाटबंधाऱ्याचे धरण, पाझर तलाव किंवा नुसते गावतळे असेल. तिथेही पायीच जा.

आधी बांध बघा. लहान धरणांचे बांध बहुधा मातीचे. मातीच्या बांधावर वड-पिंपळाचे रोप दिसले तर श्रद्धेने पाणी घालू नका. झाड मोठे होते, मुळे आत जातात, झाड मेले की मुळे कुजून पोकळी राहते आणि पाण्याला वाट सापडते. शोभेसाठी बांधावर झाडे लावण्याचा कार्यक्रम कुणी घेऊन आला तर त्याला काठाच्या दुसऱ्या बाजूची जागा दाखवा. मग बांधाच्या खालच्या पायथ्याने चाला. तिथे गवत उन्हाळ्यातही हिरवेगार असेल किंवा जमीन दलदलीची असेल, तर पाणी झिरपते आहे. थोडे झिरपणे मातीच्या बांधात असतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तोवर नजर ठेवा, गढूळ येऊ लागले की बांधाची माती वाहून जाते आहे असे समजा आणि त्याच दिवशी लेखी कळवा.

लेखी म्हणतो याला कारण आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसांहून अधिक माणसे गेली, घरेच्या घरे वाहून गेली. धरण गळते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि ते विधान राज्यभर गाजले. खेकडे मातीत बिळे करतात हे खरे, शेताच्या बांधावर आपण रोज बघतो. पण खेकड्याचे बीळ बुजवण्यासाठी ते आधी कुणीतरी वाकून बघावे लागते. तिवऱ्याच्या लोकांनी ते बघितले होते. पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. जीपमधून उतरून बांधाच्या एका टोकाला उभे राहून केलेली पाहणी आणि दोन्ही टोकांपर्यंत चालत केलेली पाहणी, यांत हा फरक आहे.

मग सांडव्याकडे जा. सांडवा म्हणजे धरणाचा श्वास. बाग झाली की सपाट, मोकळी जागा म्हणून नेमकी सांडव्यावर नजर जाते: गाड्या लावायला, भेळेच्या गाडीला, नाहीतर कमान उभारायला. तिथे एक वीटही रचू देऊ नका. सांडव्याखालचा ओढा पुढे कुणाच्या शेतात अरुंद झाला आहे तेही बघा. आपल्याच भावकीतल्याने ओढा दाबला असेल तर बोलणे जड जाते, मला माहीत आहे. तरी बोला.

शेवटी, पाणी येते तिकडे. डोंगराच्या बाजूला खडीची खाण आहे का, झाडे तुटली आहेत का, पाणी लाल-तांबडे येते का. तांबडे पाणी म्हणजे वरची माती खाली चालली. तळे उथळ होणार. गाळ काढण्यासाठी शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली. चांगला गाळ शेतात नेला तर जमिनीचा पोत सुधारतो. पण शहराच्या काठावरच्या तळ्याचा गाळ आंधळेपणाने भाजीच्या वाफ्यात टाकू नका. गटार आणि कारखान्याचे पाणी येत असेल तर आधी मातीपरीक्षण करून घ्या.

दप्तरातली बाजू

ही बाजू गावकामगार मंडळींसाठी. तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. नाव वाढले तसे कामही थोडे वाढू द्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे, कुणाची खासगी मालकी नसलेले ओढे, नाले, तलाव शासनाच्या मालकीचे. त्यावर अतिक्रमण असेल तर गाव नमुना एक-ई मध्ये नोंद झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ मध्ये गावतळी ही समाजाची संपत्ती आहे, ती राखलीच पाहिजेत, असे सांगितले. २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग प्रकरणातही तळेच होते, पंजाबातल्या एका गावचे. त्यात न्यायालयाने सगळ्या राज्यांना गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याची योजना करायला सांगितली आणि महाराष्ट्रानेही १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. कागद भक्कम आहे. हद्दीचे दगड मात्र जागेवर आहेत का, ते जाऊन बघावे लागते.

बावखलांसारख्या खासगी जागेतल्या पाण्याचे काय? त्याच अधिनियमात कलम १६५ आहे, वाजिब-उल-अर्जचे. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीत आणि पाण्यात गावकऱ्यांची पाणी घेण्याची, जाण्या-येण्याची, मासे धरण्याची जी वहिवाट आहे, ती या दप्तरात नोंदवता येते. अनेक गावांत हे दप्तर कुणी वर्षानुवर्षे उघडलेले नसते. एखाद्या बावखलाचे पाणी शेजारच्या चार वाड्या पिढ्यान्‌पिढ्या घेत असतील तर त्याची चौकशी करा, जुनी माणसे जिवंत आहेत तोवर त्यांचे जबाब घ्या. बावखल बुजल्यावर वहिवाट सिद्ध करायला निघालात तर कोर्टात काय दाखवणार?

ही पायपीट वर्षातून दोनदा केलेली बरी. एकदा वैशाखात, तळ उघडा पडलेला असतो तेव्हा. गाळ किती, भेगा कुठे, हद्द कुठवर, सगळे दिसते. दुसऱ्यांदा आषाढात, पहिला मोठा झोड येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी. बरोबर गटाचा नकाशा, पेन्सिल आणि दोन पोरे घ्या. सोबत पावसात भिजणार नाही अशी प्लॅस्टिकची पिशवीही असू द्या. पाणी कुठल्या वाटेने तळ्यात आले, कुठे अडले आणि कुणाच्या दारात शिरले, ते जागच्या जागी नकाशावर मारा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात तारखेसह द्या आणि पोच घ्या. दुसरी घरात ठेवा.